ड्रायव्हर इथलं खात नाही

"एक तुकडा," कुदळेशेठ म्हणाले. "एकच. ह्या सगळ्यांच्या समोर तोंडात टाका, मग जन्मभर घरची भाकरी खा. माझं काही म्हणणं नाही."

त्यांच्या हातात स्टीलची ताटली होती. ताटलीत दोन जिलेब्या, चार कांदाभजी, कडेला तळलेली मिरची. मी माझ्या गाडीच्या पायरीवर बसलेलो, मांडीवर उघडा डबा, आणि भोवती माझेच पंचवीस-तीस प्रवासी कोंडाळं करून उभे. माझा कंडक्टर डोईफोडे शेठच्या मागं उभा राहून मला डोळ्यांनी विनवत होता. मार्चमधलं दुपारचं ऊन, आणि माणसं सावली सोडून माझा घास बघायला आलेली.

मी म्हणालो, "नाही."

आता एका जिलेबीसाठी एवढा तमाशा कसा झाला, ते पहिल्यापासून सांगितलं पाहिजे. मी शिवलिंग बिराजदार. एसटीत ड्रायव्हर म्हणून सव्वीस वर्षं काढली. हे घडलं तेव्हा सतरावं वर्ष चालू होतं, आणि तोवर माझ्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. आमच्या डेपोतून पुण्याला जाणारी सकाळची सात पाचची गाडी माझी. स्टिअरिंगच्या बाबतीत मी कडक, पण खाण्याच्या बाबतीत अगदी मोकाट सुटलेला. गाडी लागली की चहा आणि क्रीमरोल, कुर्डुवाडीला वडा, टेंभुर्णीच्या पुढं हॉटेलवर भजी-जिलेबी, भिगवणला परत चहा, आणि दुपारी डोळा लागू नये म्हणून थंड्याची बाटली. घरी पोरांसाठी फरसाण न्यायचो, त्यातलं निम्मं वाटेत माझ्याच पोटात जायचं.

जानेवारीत मेडिकल झालं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मवाळ. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, दिवसाला चहा किती होतात? मी म्हणालो, मोजले नाहीत. ते म्हणाले, आता मोजा, आणि गोड, तळलेलं, पुडीतलं, बाटलीतलं सगळं बंद करा. तीन महिने देतो. एप्रिलमध्ये साखर खाली आलेली असली तर गाडी चालवा, नसली तर मी सही करणार नाही.

सही न होणं म्हणजे काय, ते ड्रायव्हरलाच विचारावं. डेपोच्या गेटवर शिट्टी घेऊन बसायचं आणि कालची पोरं आपल्या गाडीवर चढताना बघायची. घरी येऊन बायकोला, महानंदाला सांगितलं, तर ती बाई उठली आणि फरसाणाचा डबा शेजारी देऊन आली. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासोबत डबा सुरू झाला. ज्वारीच्या दोन भाकरी, पालेभाजी, शेंगांची चटणी, काकडी. बाहेरचं खाल्लंत तर मला सांगायची गरज नाही म्हणाली, तुमच्या तोंडावरनंच कळतं.

खरी पंचाईत हॉटेलवर झाली. ज्यांनी एसटीनं लांबचा प्रवास केलाय त्यांना ठाऊक असेल, गाडी हॉटेलवर थांबली की ड्रायव्हर-कंडक्टर गर्दीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी आत पडद्यामागं वेगळी खोली असते. तिथं पाहिजे ते मागवावं, पोटभर खावं, हात धुवावेत आणि उठावं. पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही. आमचा थांबा होता हॉटेल गोकुळछाया, आणि मालक हे कुदळेशेठ. माणूस दिलदार, खायला घालण्याची मनापासून हौस. सतरा वर्षांत त्यांनी मला एकदाही उपाशी उठू दिलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी त्याच खोलीत बसून माझा डबा खाल्ला. पण जिलेबीच्या पराती ते त्याच खोलीत निथळायला ठेवत. गरम पाकाचा तो वास, वर समोर डोईफोडे बसलेला. डोईफोडे म्हणजे अंगानं काडी, पण जेवायला बसला की चार माणसांचं खाणार आणि वर म्हणणार, अण्णा, आज भूकच नाही बघा. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता माझा हात परातीकडं गेला आणि जिलेबी तोंडात पडल्यावर मला कळलं की मी ती खातोय. थुंकली नाही, खोटं कशाला सांगू. खाल्ली, आणि दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

चौथ्या दिवसापासून मी डबा घेऊन बाहेर आलो आणि गाडीच्या पायरीवर बसायला लागलो. डोईफोडे म्हणाला, अण्णा, आत बसून डबा खा की, तिथं कोण बघतंय तुम्हाला? मी म्हणालो, जिलेबी बघतीय.

माझ्या डोक्यात एवढंच होतं. त्यातून पुढं काय होणार, हे खरंच मनात आलं नव्हतं. पण पब्लिक फार हुशार असतं. आठवडाभरात कुणाच्या तरी ध्यानात आलं की ड्रायव्हर हॉटेलात जात नाही, घरचं खातो. एका बाईंनी पुढं होऊन विचारलंच, दादा, इथलं चांगलं नसतं का? मी म्हणालो, चांगलं असतं हो, म्हणून तर खात नाही. झालं. त्यातलं 'खात नाही' एवढंच लोकांनी उचललं. ज्याची रोज इथं ऊठबस, तोच माणूस तोंड लावत नाही म्हणजे तेलात काहीतरी घोळ असणार, असं गाडीभर पसरलं. कुणी आपापले डबे सोडले, कुणी समोरच्या गाड्यावर केळी घेतली. रोज ये-जा करणारे होते, त्यांनी ते मागच्या गाड्यांनाही सांगितलं.

शेठच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आधी त्यांनी प्रेमानं घेतलं. बिनसाखरेचा चहा पाठवला, तो मी प्यायलो. मग ताजं तेल चढवून केलेली भजी पाठवली, ती मी परत केली. मग त्यांनी डेपोत कुणाकडं तरी शब्द टाकला, आणि कंट्रोलर मला म्हणाले, जेवून घ्या की बाबा, कशाला वाद वाढवताय. शेवटी त्यांनी डोईफोडेचं ताट बंद केलं. ड्रायव्हर जेवत नाही तर कंडक्टर कशाचा, म्हणाले. त्या दिवसापासून डोईफोडेनं माझ्याशी बोलणं टाकलं. घंटी मारायचा तीसुद्धा रागानं.

डेपोतही माझी चेष्टा चालली होती. मला महाराज म्हणायला लागले. कुणाचं प्रमोशन झालं, कुणाला नातू झाला, की पेढा पुढं यायचा आणि त्याच्या मागोमाग तेच वाक्य, घ्या हो, एकानं काय होतंय. हे एकानं काय होतंय म्हणणारे मला दिवसाला सात-आठ भेटायचे. प्रत्येकाचा एकच. पण तोंड तर माझं एकट्याचं होतं. मी कुणाचाच घेतला नाही. हात पुढं आला की मी खिशात हात घालायचो. लोक म्हणायचे, बिराजदार फार हट्टाला पेटलाय.

तर असे दोन महिने गेले, आणि त्या दुपारी शेठ ताटली घेऊन बाहेर आले.

"नाही म्हणजे?" शेठ म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन सतरा वर्षं गाडी हाकलीत. आज असं काय विष कालवलंय मी त्यात? ह्या लोकांना सांगा तरी."

"अन्न चांगलं आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तेल चांगलं आहे. बिनघोर खावा. मला साखरेचा आजार आहे, म्हणून मी खात नाही."

"मग एका तुकड्यानं काय होतंय?" मागनं एकजण म्हणाला. लगेच दुसरा म्हणाला, माझ्या सासऱ्यालापण साखर आहे, ते तर लग्नात बासुंदी ओढतात. तिसरा म्हणाला, अन्नाला नाही म्हणू नये. डोईफोडे पुढं आला. ताट बंद झाल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी सरळ बोलला, आणि आवाज अगदी रडवेला. "अण्णा, तुकडा मोडा हो. मिटवा एकदाचं. तुमच्या हट्टापायी किती जणांचे हाल."

मी मान हलवली. शेठचा चेहरा उतरला होता. चारचौघांत ताटली धरून उभं राहायचं आणि समोरच्यानं हात लावायचा नाही, यात त्यांची काय अवस्था झाली असेल ते मला दिसत होतं. मला त्यांची कीव आली, पण हात काही पुढं गेला नाही.

"एवढा कसला माज, बिराजदार?" ते हळूच म्हणाले.

शिवी दिली असती तर मी गिळली असती. माज हा शब्द काही मला गिळता येईना. मी डब्याला झाकण लावलं, उठलो, आणि जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते तीस माणसांच्या समोर माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"माज नाही शेठ, मी भ्यालोय. जानेवारीत मेडिकलच्या आदल्या दिवशी मी डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीतून नळापर्यंत चालत गेलो. तिथं पोरं हसायला लागली. खाली बघितलं तर उजव्या पायात चप्पल नव्हती. ती खोलीच्या दारातच निसटली होती आणि मी तेवढी सगळी खडी अनवाणी तुडवत आलो होतो. मला कळलंच नाही. हा पाय ब्रेकवर असतो. डॉक्टरनं फक्त साखर बघितली, मी पायाचं त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, साखर उतरवू, पाय आपोआप सुधारेल, कुणाला कळणारही नाही. म्हणून मी एक कणसुद्धा तोंडात घालत नाही. आता कळलं?"

ताटली धरलेला शेठचा हात खाली आला. आणि मग मला दिसलं की लोक माझ्याकडं बघतच नाहीत, ते गाडीकडं बघतायत. एकानं आत जाऊन वरच्या फळीवरची आपली बॅग काढली आणि तो खाली उतरला. बरोबरच होतं त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर मीही उतरलो असतो.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. सोनाबाई त्यांचं नाव, हडपसरला लेकीकडं निघाल्या होत्या. सकाळपासून माझ्या मागच्याच सीटवर बसून पान चघळत होत्या. त्यांनी विचारलं, "आता कळतोय का पाय?"

"कळतो," मी म्हणालो. "पंजा चांगला कळतो. रोज ब्रेकवर दाबून बघतो."

"तू बघून काय उपेग? बस खाली. बूट काढ." त्यांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन सोडवली. "आमच्या मालकाला दवाखान्यात असंच बघायचे. त्यांनी बी कळतंय, कळतंय म्हणतच पाय घालवला. डोळे मीट."

मी पायरीवर बसलो, बूट-मोजा काढला आणि डोळे मिटले. सगळं हॉटेल बाहेर आलं असावं, कारण आतला कपबशांचा आवाजही थांबला होता.

"कुठं?" म्हातारीनं विचारलं.

"अंगठा," मी म्हणालो.

"आता?"

"करंगळी." मग चवडा सांगितला, मग बोटांच्या मागची गादी. सगळं बरोबर सांगत होतो. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. मनात म्हणत होतो, बघा, दोन महिने फुकट गेले नाहीत. मग म्हातारी थांबली. मी वाट बघत बसलो. बराच वेळ गेला, तरी ती काही विचारीना, म्हणून मी डोळे उघडले.

पिन माझ्या टाचेत होती. चांगली टोक आत जाईस्तोवर, आणि भोवती रक्ताचा थेंब आला होता. सोनाबाईंनी ती काढली, पदरानं पुसली आणि परत बांगडीला अडकवली. सगळ्यांना दिसलंच होतं.

मागनं कुणीतरी म्हणालं, ब्रेक काय टाचेनं मारतात का, चला, उशीर होतोय. खरं होतं ते. माझ्या मनातही तेच आलं होतं, अगदी त्याच शब्दांत. दोन महिने मी स्वतःला रोज सकाळी असंच काहीतरी समजावून स्टिअरिंगवर चढत होतो.

"डोईफोडे," मी म्हणालो, "डेपोला फोन लाव. ड्रायव्हर आजारी आहे म्हण. ही गाडी मी पुढं नेणार नाही."

तासाभरानं मागची गाडी आली, तिच्यात जमतील तेवढे गेले. उरलेल्यांसाठी दुसरा ड्रायव्हर आला. सोनाबाई जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. डोईफोडे शेवटपर्यंत माझ्या शेजारी पायरीवर बसून होता. अण्णा, मला सांगायचं तरी, एवढंच दोनदा म्हणाला.

डेपोत पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. संघटनेचे जगताप गेटवरच थांबले होते. माणूस भला, माझ्यासाठी जीव तुटत होता त्यांचा. मला बाजूला घेऊन म्हणाले, साहेबांकडं जायच्या आधी एक कागद लिहून द्या, हॉटेलवाल्यानं त्रास दिला म्हणून रागाच्या भरात तोंडाला येईल ते बोललो. बाकी मी बघतो. उद्या सात पाचची गाडी तुमचीच.

कागद, पेन सगळं त्यांच्याकडं तयार होतं. मी तो कागद घेतला. सात पाचची गाडी माझी होती, तिचा गिअर कुठं अडतो आणि कुठल्या वळणावर ती कुरकुरते, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आता दुसऱ्याच्या हातात जाणार होती. मी लिहिलं, माझ्या उजव्या पायाची टाच मला कळत नाही, तरी माझी पूर्ण तपासणी व्हावी. खाली पूर्ण नाव घातलं आणि सही केली. जगतापांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

घरी महानंदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन महिने ह्या हातांनी भाकऱ्या बडवल्या. मला नाही सांगितलंत, आणि रस्त्यावरच्या माणसांना सांगितलंत." त्यानंतर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज भरत होती.

मला गेटवर बसवलं. शिट्टी, रजिस्टर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद. सात पाचची गाडी निघताना नवीन पोरगा मला हात करायचा, मीही करायचो. काहीजण तोंडावर म्हणायचे, गप्प बसला असतात तर आज गाडीवर असता. मी म्हणायचो, असतो की. एकजण पेढे घेऊन आला आणि म्हणाला, आता तर गाडीही नाही, आता कशाला पाळताय? त्याला मी गेटच्या बाहेर काढलं. पहिल्यांदाच वाटलं, शिट्टीचा काहीतरी उपयोग झाला.

एप्रिलमध्ये साखर उतरलेली निघाली. डॉक्टर खूश झाले, पण आता त्यांच्यासमोर माझा कागदही होता. पाय अजून वेळ घेईल म्हणाले, आणि पुढच्या जानेवारीत बोलावलं. तेव्हा त्यांनी मला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, टाचेला काही लागलं की सांगा. मी वर्षभर भाकरी आणि पालेभाजीवर काढलं होतं. दिवाळीत घरात चकली तळू दिली नव्हती. भाच्याच्या लग्नात पंगतीतून उठून आलो होतो. मी श्वास रोखून धरला आणि म्हणालो, "कळलं."

"बिराजदार," डॉक्टर म्हणाले, "मी अजून हात लावलेला नाही."

मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. तीस माणसांसमोर खरं बोललेला मी, बंद खोलीत एका माणसाशी खोटं बोलून बसलो होतो, आणि खोटं बोलतोय हेही मला कळलं नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. सहा महिन्यांनी या, एवढंच म्हणाले. मी बूट घातले, बाहेर आलो, आणि चालत डेपोत गेलो. वाटेत ठरवलं, सहा महिने नाही तर सहा वर्षं. हा पाय स्वतः बोलल्याशिवाय मी त्याच्या वतीनं बोलणार नाही.

सहा महिन्यांनी परत त्याच टेबलावर झोपलो. डोळे मिटले, दात घट्ट आवळले. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी खोकत होतं. डॉक्टरनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग लांबून, अगदी लांबून, काहीतरी बारीक टोचलं. मी लगेच बोललो नाही. ते परत टोचेपर्यंत थांबलो.

"आता," मी म्हणालो.

डॉक्टरनी कागद ओढला आणि सही केली.